अंगणातली शाळा

तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात अंगणवाडी असेलच. तुमची धाकटी भावंडे तेथे गाणी म्हणत असतील, मणी ओवत असतील. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर ओळखीचा आहे. पण शाळेच्या नावात अंगण कोठून आले, हे तुम्हांला माहीत आहे का? हे समजण्यासाठी ताराबाई मोडक यांचे जीवन समजून घेतले पाहिजे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या घरातील वातावरण सुधारक विचारांचे होते. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. त्या काळी मुलींनी एवढे शिकणे ही फार मोठी गोष्ट होती. लग्नानंतर त्या आपल्या यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या अमरावतीत राहू लागल्या. त्यांचे पती वकील होते. पुढे दोघांचे पटेनासे झाले. १९२१ साली ताराबाई आपल्या लहान मुलीला घेऊन घराबाहेर पडल्या. एकट्या बाईने मूल सांभाळून नोकरी करणे तेव्हा सोपे नव्हते. पण त्या डगमगल्या नाहीत. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या.

त्या वेळी लहान मुलांचे शिक्षण म्हणजे घोकंपट्टी आणि छडी. भावनगर येथे गिजुभाई बधेका मात्र वेगळा प्रयोग करत होते. त्यांच्या बालमंदिरात मुलांना मार नव्हता, भीती नव्हती. १९२३ साली ताराबाई त्यांच्या कामात सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

या कामाला इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांचा आधार होता. त्यांनी मुलांसाठी खास साधने बनवली होती. त्यांपैकी एक साधन पाहा. एका लाकडी पट्टीत दहा खळगे असतात. प्रत्येक खळग्यात बसणारी एक लाकडी दट्ट्या असते. मूल सर्व दट्ट्या बाहेर काढते आणि पुन्हा बसवू लागते. एखादी दट्ट्या चुकीच्या खळग्यात गेली, तर शेवटी एक दट्ट्या उरते आणि ती कोठेच नीट बसत नाही. आपले काही चुकले, हे मुलाला स्वतःच कळते. शिक्षकाला रागवावे लागत नाही. मूल खेळता खेळता शिकते आणि आपली चूक आपणच सुधारते.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. शाळा नावारूपाला आली. पण ही साधने महाग होती. शहरातले पालक खर्च करू शकत होते. खेड्यातल्या गरीब मुलांचे काय? १९३७ साली आपल्या शेजारच्या वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन होते. समितीने सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. सात वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न मात्र उरलाच होता. तो ताराबाईंनी हाती घेतला.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी या गावी गेल्या. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ ही तरुण शिक्षिका त्यांच्या सोबत होती. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. आईवडील मजुरीला जात आणि थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. मग ती शाळेत येणार कशी? ताराबाईंनी ठरवले, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. त्यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवली. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

आता अंगणात रोज काय न्यायचे? महागड्या लाकडी पेट्या विकत घेणे शक्य नव्हते. पण शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती आणि बांबू ही साधने गावात फुकट मिळत होती. मुलांच्या ओळखीच्याच या वस्तूंतून मोजणे, निवडणे, लहानमोठे ओळखणे हे सारे शिकवता येऊ लागले. साधन स्वस्त झाले, पण त्यामागचा विचार हलका झाला नाही.

१९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली आदिवासींची वस्ती होती. त्यांची मुले दिवसभर गुरे राखत. तेव्हा शिक्षक साधने घेऊन थेट कुरणात गेले. गुरे चरत आणि मुले शिकत. तीच कुरणशाळा. १९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ सालापर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, हे काम चालू ठेवले. १९७५ साली सरकारने लहान मुलांसाठी देशव्यापी योजना सुरू केली आणि 'अंगणवाडी' हे नाव गावोगावी पोहोचले.

मुलांनो, आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणीचे दिवस आले की आई शेतात जाते आणि थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. वर्गातली तिची जागा रिकामी दिसते. तिच्यासाठी आणि त्या धाकट्यासाठी तुम्ही एक पिशवी तयार करू शकता.

पऱ्हाटीच्या दहा सरळ काड्या घ्या. साल काढून त्या घासून गुळगुळीत करा. सर्वांत लहान काडी चार बोटे लांब कापा. पुढची प्रत्येक काडी एक बोट मोठी ठेवा. काड्या ओळीने मांडल्या की जिना तयार होतो. एक काडी चुकली तरी जिना मोडतो आणि लहान मुलालाही ते दिसते.

अक्षरे ओळखू लागलेल्या मुलांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे पुठ्ठे घ्या. मध्ये आंब्याचे चित्र काढा. उजवीकडे उर्दूत 'आम' आणि डावीकडे मराठीत 'आंबा' लिहा. मग पुठ्ठ्याचे तीन तुकडे नागमोडी कापा. प्रत्येक पुठ्ठ्याचे वळण वेगळे ठेवा, म्हणजे चुकीचा तुकडा जुळणारच नाही. मोजण्यासाठी मूठभर चिंचोके घाला, पण तोंडात वस्तू घालणाऱ्या बाळापासून ते दूर ठेवा.

हे सारे एका कापडी पिशवीत मावते आणि शेताच्या बांधावरही नेता येते. खेळ एकदा करून दाखवा आणि मग गप्प बसून पाहा. मूल चुकले तर लगेच सांगू नका. त्याला पुन्हा मांडू द्या. जिना नीट जुळला की त्याचा चेहरा खुलेल. लहान मुलांचा हा आनंद गरिबाच्या अंगणापर्यंत पोहोचावा, यासाठी ताराबाईंनी आपले आयुष्य वेचले.