पाळवणकर बाळू

पाळवणकर बाळू (जन्म : १९ मार्च १८७६, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू होते. डावखुरे फिरकी गोलंदाज आणि तळाच्या क्रमांकावरील उपयुक्त फलंदाज म्हणून ते हिंदू संघाकडून खेळले. त्यांचे धाकटे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही नामवंत क्रिकेटपटू होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातून आलेले ते पहिले मोठे भारतीय खेळाडू मानले जातात.

सुरुवातीचे जीवन

पाळवणकर कुटुंब मूळचे कोकणातील पाळवण गावचे. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बाळूंचे बालपण पुण्यात गेले. पारशी क्रिकेट क्लबच्या मैदानाची झाडलोट करण्याचे काम त्यांना दरमहा ३ रुपयांवर मिळाले. १८९२ च्या सुमारास ते युरोपीय लोकांच्या पूना क्लबात रुजू झाले. तेथे जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करत. बाळूंनी बाद केल्यास ग्रेग आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. मात्र सरावात फलंदाजीची संधी त्यांना क्वचितच मिळे.

पुढे पुण्यातील हिंदू संघाने त्यांना सामावून घेतले. मैदानावर सहकारी त्यांच्या हातचा चेंडू घेत, परंतु चहाच्या वेळी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाची पंगतही वेगळी असे.

मुंबईतील कारकीर्द

प्लेगच्या काळात ते मुंबईस आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. त्यांनी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरीही केली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपीय संघावर १०९ धावांनी विजय मिळवला. या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक ठरली, तरी बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी मिळवले. लेस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांचे ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्धचा सामना शिवराम यांच्या शतकामुळे जिंकता आला.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले आणि ७५३ धावा केल्या.

कर्णधारपदाचा प्रश्न

अनुभव आणि कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत त्यांना सुरुवातीला वगळण्यात आले. कर्णधार एम. डी. पै यांच्या अनुपस्थितीत नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे गेले. हा जातीमुळे झालेला अन्याय आहे, अशी भूमिका घेऊन शिवराम आणि विठ्ठल संघाबाहेर राहिले. त्यानंतर तडजोड होऊन पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले आणि दोन्ही बंधू संघात परतले. पै मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावाला नाकारला गेलेला मान अशा रीतीने त्याच घरात आला. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले.

सार्वजनिक जीवन

निवृत्तीनंतर बाळू दलितांच्या राजकारणात सहभागी झाले. तरुणपणी त्यांच्याविषयी आदर बाळगणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे त्यांचे राजकीय विरोधक बनले. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ च्या मुंबई प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.