दादोबा पांडुरंग : व्याकरणकार आणि काव्याचे वाचक

व्याकरण परीक्षेपुरते असते आणि ललित लेखनात त्याचा अडसरच होतो, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. ही समजूत तपासण्यासाठी 'मराठीचे पाणिनी' म्हणून गौरवल्या गेलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे चरित्र पाहू.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. त्या काळी शाळांतून मराठी शिकवायची, तर तिचे नियम मराठीतूनच सांगणाऱ्या छापील पुस्तकाची गरज होती. ती ओळखून त्यांनी १८३६ मध्ये 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. या ग्रंथाची मांडणी बरीचशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी पुढे त्यावर साक्षेपी टीका केली. दादोबांनीही नंतरच्या आवृत्त्यांत भर घातली आणि सुधारणा केल्या. अध्यापन, सरकारी नोकरी आणि मानवधर्म सभा व परमहंस सभा यांचे सुधारणाकार्य सांभाळून हा व्यासंग चालू होता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा १८६५ मधील ग्रंथ. मोरोपंतांच्या 'केकावली'वरील या टीकेला त्यांनी आईवडिलांच्या नावांवरून 'यशोदा पांडुरंगी' असे नाव दिले. व्याकरणकार काव्याकडे का वळला असावा, याचा आपण विचार करा. मोरोपंतांची रचना समासप्रचुर आहे आणि वृत्तासाठी शब्दांचा क्रम बदललेला असतो. अन्वय लावल्याशिवाय तिचा अर्थ उलगडत नाही, आणि अन्वय लावायचा तर विभक्ती ओळखावी लागते.

'रामाने रावणाला मारले' हे तीन शब्द सहा क्रमांनी लिहून पाहा. अर्थ तोच राहतो. आता केवळ 'ने' आणि 'ला' यांची अदलाबदल करा. मारणारा आणि मरणारा बदलतात. प्रत्यय शब्दांचे नाते सांभाळतात, म्हणूनच कवीला शब्द हवे तेथे हलवता येतात. त्याचे स्वातंत्र्य नियमाच्या आधारावर उभे असते.

शुद्धलेखनाचेही तसेच आहे. 'केकावली'चे मुख्य वृत्त पृथ्वी. त्याच्या प्रत्येक चरणात सतरा अक्षरे असतात आणि त्यांचा लघु-गुरू क्रम ठरलेला असतो. तेथे एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला, तरी चाल मोडते. गद्यातही 'सुत' म्हणजे पुत्र आणि 'सूत' म्हणजे धागा. वृत्तासाठी कवी कधी ऱ्हस्वाचे दीर्घ करतो. पण मूळ रूप ठाऊक असेल, तरच ती सवलत ठरते, एरवी ती चूकच.

१७ ऑक्टोबर १८८२ रोजी दादोबांचे निधन झाले. भाषेचे नियम शोधणारी आणि काव्याचा आस्वाद घेणारी दृष्टी एकाच व्यक्तीत नांदू शकते, हे त्यांच्या कार्यातून दिसते. आपली पुढची कथा वा कविता लिहिताना हे ध्यानात ठेवा.

स्वाध्याय : आपल्या आवडत्या कवितेतील एका कडव्याचा अन्वय लावा. शब्दक्रम बदलल्याने कवीने काय साधले, ते पाच-सहा ओळींत लिहा.