बर्था बेंझ आणि ब्रेकची चामड्याची पट्टी

मोटारीच्या मागच्या चाकांतले ब्रेक शू बदलायचे झाले, की मेकॅनिक ड्रम काढून झिजलेले लायनिंग दाखवतो. शू धातूचा, झिजायचे ते त्यावरच्या पट्टीने. या पट्टीची कल्पना प्रथम अमलात आणण्याचे श्रेय बर्था बेंझ यांना दिले जाते.

जन्म ३ मे १८४९, जर्मनीतील फोर्झहाइमचा. लग्नाआधीच त्यांनी हुंड्याची रक्कम कार्ल बेंझ यांच्या कारखान्यात घातली. १८८६ मध्ये कार्ल यांच्या मोटारीला पेटंट मिळाले, पण गिऱ्हाईक मिळेना.

ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था पतीला न सांगताच मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी निघाल्या. सोबत पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिशार्ड. अंतर शंभराहून अधिक किलोमीटर. विस्लोखला औषधाच्या दुकानातून इंधन घेतले. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढावर मुलांनी गाडी ढकलली, पण खरी धास्ती उताराची! ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजत चालले होते. बाउशलोट गावी बर्था यांनी चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. पोहोचल्यावर कार्लना तार गेली.

पुढे ड्रम ब्रेक आले. चामडे उष्णतेने करपते, म्हणून लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरू लागले. ते जळत नाही, पण त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. आता ॲस्बेस्टॉसविरहित शू मिळतात. तरी जुन्या गाडीतले लायनिंग कशाचे आहे, हे नुसते पाहून कळत नाही. त्यामुळे ड्रममधली काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये (गॅरेजमध्ये सर्रास हेच चालते). ब्रेक क्लीनरने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी. मास्क हवाच. शू एकाच चाकाचे न बदलता मागच्या दोन्ही चाकांचे बदलावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

त्या प्रवासानंतर बर्था यांच्या अनुभवावरून कार्ल यांनी चढासाठी आणखी एक गिअर बसवला. कार्ल १९२९ मध्ये गेले. बर्था ५ मे १९४४ रोजी, ९५वा वाढदिवस होऊन दोनच दिवसांनी, लाडेनबुर्ग येथे निवर्तल्या.