शरण हरळय्या : पती आणि पिता

सद्भक्तहो, तुळशीचे लग्न लागले की पांढुर्णा-सौंसर भागातही घरोघरी सोयरिकीची बोलणी सुरू होतात. अशा वेळी शरण हरळय्यांचे चरित्र आपण अवश्य आठवावे.

बाराव्या शतकातील कल्याण, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, ही त्यांची कायकभूमी. चर्मकाराचे कायक ते निष्ठेने करीत. परंपरा सांगते की, एकदा त्यांनी महात्मा बसवण्णांना शरणु म्हणून वंदन केले, तेव्हा बसवण्णांनी दोनदा शरणु म्हणून ते परत केले. त्या एका अधिक वंदनाचे ऋण हरळय्यांना सोसवेना. घरी येऊन त्यांनी ही व्यथा पत्नी कल्याणम्मांना सांगितली. उभयतांनी आपापल्या मांडीचे कातडे काढून पादत्राणे शिवली. बसवण्णांनी ती पायी न घालता मस्तकी धरली. पतीचे ऋण त्या माउलीने आपले मानले, हे ध्यानात घ्या. असा त्यांचा प्रपंच होता.

त्यांचा पुत्र शीलवंत. बिज्जळ राजाच्या दरबारातील मधुवरस जन्माने ब्राह्मण. परंतु लिंगदीक्षा घेऊन ते शरण झाले होते. त्यांची कन्या लावण्या. हे दोघे विवाहबद्ध झाले. शरणांच्या दृष्टीने वर लिंगवंत, वधूही लिंगवंत. मग जात उरली कोठे? सनातन्यांना मात्र चांभाराचा मुलगा आणि ब्राह्मणाची मुलगी एवढेच दिसले. त्यांनी राजाचे कान भरले. इ.स. ११६७ च्या सुमारास हरळय्या आणि मधुवरस या दोन्ही पित्यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटत नेऊन ठार करण्यात आले. पुढे कल्याणात रक्तपात झाला. शरण पांगले, चन्नबसवण्णांसह अनेकजण उळवीकडे गेले.

वाचकहो, हरळय्यांना या विवाहाला नकार देऊन जीव वाचविता आला असता. पण इष्टलिंगापुढे सर्व समान, हे मुलाला शिकवायचे आणि मांडवाच्या दारात त्याची जात काढायची, हे त्या पित्याला जमले नाही.

आपल्याकडे आजही स्थळ आले की पहिला प्रश्न पोटजातीचा निघतो. वाणी की तेली, जंगम की कोष्टी, याचा निकाल लागल्यावर मग मुलाचे शील आणि मुलीचे गुण विचारले जातात. आपणाकडे कोणी प्राण मागत नाही. फक्त तो पहिला प्रश्न सोडायचा आहे. यंदा बैठकीला बसाल तेव्हा शीलवंताच्या पित्याला स्मरा आणि मगच बोला.

शरणु शरणार्थी.