सातशे नमुन्यांचा धनी : डॉ. जॉन फोर्ब्स वॉट्सन

इ.स. १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसमधून अठरा जाडजूड खंडांचा एक संच बाहेर पडला. खंड म्हणावे तर त्यांत वाचण्याजोगे फारच थोडे होते. पानोपानी डकवलेले होते ते कापड. पागोट्यांचे तुकडे, धोतरांचे काठ, लुगड्यांचे पदर, मलमल, छिटे, किनखाब, लोकरीचे आणि रेशमाचे विणकाम, असे एकूण सातशे नमुने. प्रत्येक नमुन्याला क्रमांक होता आणि बहुतेकांखाली ते कापड कोठे विणले गेले, मूळ नगाची लांबी-रुंदी किती, वजन किती, किंमत काय, हे नोंदवलेले होते. असे वीस संच तयार करण्यात आले. म्हणजे चौदा हजार तुकडे कात्रीखालून गेले. भारतीय वस्त्रांच्या नक्षीचा एवढा मोठा आणि एवढा शिस्तबद्ध संग्रह तोपर्यंत कोणी केलेला नव्हता. तो करणारा माणूस विणकर नव्हता, व्यापारी नव्हता, चित्रकारही नव्हता. तो पेशाने डॉक्टर होता आणि त्याच्या नोकरीची सुरुवात आपल्याच मुलखात झाली होती.

जॉन फोर्ब्स वॉट्सन यांचा जन्म १८२७ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीनशायर परगण्यात झाला. अ‍ॅबरडीन विद्यापीठ, लंडनचे गाइज रुग्णालय आणि त्यानंतर पॅरिस असे त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. १८५० मध्ये मुंबई लष्कराच्या वैद्यकीय सेवेत साहाय्यक शल्यचिकित्सक म्हणून ते रुजू झाले. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील तोफखान्याबरोबर आणि पुढे सिंधमधील खानगढ येथे सिंध हॉर्स या घोडदळाबरोबर त्यांनी काम केले. त्यानंतर ते मुंबईत आले. जमशेदजी जीजीभाई रुग्णालयात नेमणूक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्राचे अध्यापन, असा त्यांचा मुंबईतील काळ गेला. १८४५ मध्ये सुरू झालेले हे कॉलेज तेव्हा अगदी नवे होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पहिल्या तुकडीचे पदवीधर नुकतेच बाहेर पडलेले होते.

हा मुक्काम फार टिकला नाही. प्रकृती बिघडल्याने १८५३ मध्ये वॉट्सन रजेवर मायदेशी गेले. तेथे त्यांनी कोळशाच्या जंतुनाशक उपयोगावर अभ्यास केला, एक पुस्तिका लिहिली, मग कंपनी सरकारच्या सांगण्यावरून हिंदुस्थानातील धान्यांच्या पोषणमूल्याचे पृथक्करण हाती घेतले. वस्त्रांशी या कशाचाच संबंध नाही. पण मोजणे, तोलणे, वर्गवारी लावणे आणि त्याची चिठ्ठी चिकटवणे ही सवय येथेच पक्की झाली असावी, असे त्यांचे पुढचे काम पाहताना वाटते.

१८५७च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले आणि १८५८ मध्ये वॉट्सन यांची ‘हिंदुस्थानातील उत्पादनांचे वृत्तलेखक’ आणि इंडिया म्युझियमचे संचालक या दोन्ही पदांवर नेमणूक झाली. त्यांच्या आधी हे काम पाहणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे नावही जॉन फोर्ब्स रॉइल असेच होते. या योगायोगाने अभ्यासकांची अजूनही फसगत होते. इंडिया म्युझियम म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने लेडनहॉल स्ट्रीटवरील आपल्या कचेरीत जमवलेला खजिना. टिपूचा लाकडी वाघही त्यातलाच. १८६१ मध्ये हा सगळा पसारा व्हाइटहॉलमधील फाइफ हाउस या इमारतीत हलवण्यात आला. त्याच्या भांडारात हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कापडे पडून होती. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात भारतीय वस्त्रांनी युरोपातील कारागिरांना चकित केले होते. ओवेन जोन्स यांनी १८५६ मध्ये अलंकरणावर जो प्रसिद्ध ग्रंथ काढला त्यात भारतीय नक्षीला मानाचे स्थान होते. प्रदर्शन संपले की कापडे पुन्हा कपाटात जात. वॉट्सन यांना ही गोष्ट पटत नव्हती. मँचेस्टरच्या किंवा प्रेस्टनच्या गिरणीदाराने एखादा काठ पाहायला दर वेळी लंडनला का यावे? त्यापेक्षा संग्रहालयच त्याच्या दाराशी नेले तर?

त्या अठरा खंडांमागची कल्पना ही होती. वीस संच म्हणजे वीस फिरती संग्रहालये, असेच वॉट्सन त्यांच्याकडे पाहत. तेरा संच ब्रिटनसाठी ठरले. मँचेस्टर, सॅल्फर्ड, प्रेस्टन, लिव्हरपूल, ग्लासगो, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स अशा कापडधंद्याच्या शहरांना ते मिळाले. उरलेले सात हिंदुस्थानात यायचे होते : कलकत्ता, मद्रास, मुंबई, कराची, वायव्य प्रांतासाठी मिर्झापूर, पंजाबसाठी अमृतसर आणि वऱ्हाडसाठी अमरावती. संच ज्यांना मिळेल त्यांच्यावर अट अशी, की त्याचे नीट जतन व्हावे आणि धंद्यातील कोणाही माणसाला तो पाहण्याची मोकळीक असावी.

इतक्या बड्या बंदरांच्या आणि शहरांच्या पंगतीत अमरावती कशी जाऊन बसली, याचे उत्तर कापसात आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडून येणारा कापूस आटला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलेलेच होते. पैनगंगेच्या अलीकडचा मुलूख, म्हणजे हिंगोली, कळमनुरी, डोंगरकडा हा पट्टा, निजामाच्या राज्यात राहिला, तरी हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती आणि काळी माती नदीच्या दोन्ही तीरांना तीच. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. गाठी मुंबईकडे जाऊ लागल्या आणि त्याच रुळांवरून विलायती कापड आत येऊ लागले. त्या परतीच्या मालाचा नमुनासंग्रह अमरावतीत असावा, हा सरकारी हिशेब होता.

हिशेबाची दुसरी बाजू अधिक चतुर होती. वीसही संचांत क्रमांक एकच. अमरावतीच्या पेढीवरील व्यापाऱ्याने अमुक क्रमांकाचा काठ हवा असे कळवावे आणि मँचेस्टरच्या कारखानदाराने आपल्या गावातील खंड उघडून तोच काठ पाहावा. दोघांनी एकमेकांचे तोंड न पाहता, नमुना पोस्टाने न पाठवता, सौदा व्हावा. आगगाडीच्या आणि तारायंत्राच्या त्या काळात ही युक्ती मोठी दूरदृष्टीची होती.

संचाबरोबर वॉट्सन यांनी १८६६ मध्येच एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातील लोकांची वस्त्रे आणि वेशभूषा हा त्याचा विषय. खरे डोके त्यात दिसते. ब्रिटिश कापड हिंदुस्थानात खपते, पण जितके खपायला हवे तितके खपत नाही, असे का होते, याचा शोध त्यांनी घेतला. त्यांचे निदान असे, की गिरणीदार कापड वाराच्या हिशेबाने विणतो आणि हिंदी माणूस कापड वाराने नेसतच नाही. त्याच्या अंगावरचे बहुतेक वस्त्र मागावरून उतरते तेच पूर्ण होऊन. धोतराची लांबी ठरलेली, उपरण्याची ठरलेली. लुगड्याला काठ कोठे आणि पदर कोठे हे विणताना ठरते. शिंप्याचा त्यात हात नाही. काठ नाजूक आणि सुंदर असला, पण पदरच नसला, तर ते कापड कितीही स्वस्त असो, बाई ते नेसणार नाही. पागोट्याची टोके जरीची हवीत आणि मधला भाग साधा, कारण गुंडाळल्यावर टोकच तेवढे दिसते. महाराष्ट्रातील कोणत्याही आजीला हे सांगावे लागणार नाही. परंतु लँकेशायरच्या गिरणीदाराला ते कोणी सांगितले नव्हते, आणि वॉट्सन यांनी ते मोजमापांसह सांगितले. म्हणूनच संचातील तुकडे केवळ शोभेसाठी कापलेले नव्हते. काठ, अंग आणि पदर यांचा मेळ कळावा, अशा बेताने ते निवडलेले होते.

चांगल्या नक्षीपाशी हा डॉक्टर रेंगाळतो, हेही ग्रंथ वाचताना लक्षात येते. ढाक्याच्या मलमलीचे सूत आणि युरोपातील यंत्राचे उत्तमोत्तम सूत यांची त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुलना केली आणि हाताने काढलेले ढाक्याचे सूत अधिक बारीक ठरते, हे आकडे देऊन मांडले. साम्राज्याच्या नोकराने यंत्राचा पराभव असा जाहीर करावा, ही साधी गोष्ट नव्हे. रंगसंगतीच्या बाबतीतही युरोपने हिंदी कारागिराकडून शिकावे, असे त्यांचे मत होते.

मात्र शिकून पुढे काय करायचे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. सुमारे वीस कोटी लोकांची बाजारपेठ समोर होती. किनखाब, भरतकाम आणि बारीक मलमल हे हातमागाकडेच राहील, कारण तेथे यंत्र परवडणार नाही. साधे, रोजच्या वापराचे कापड मात्र गिरण्यांनी पुरवावे, हा त्यांचा निष्कर्ष. त्यात विणकराचे नुकसान आहे, हे ते नाकारत नाहीत. सुटलेले हात शेतीकडे आणि अन्य कामांकडे वळतील व गरिबाला स्वस्त कापड मिळेल, म्हणून एकूण देशाचा लाभच होईल, असे त्यांनी धरून चालले. ज्या विणकरांच्या मागावरचे काठ कापून खंड सजले, त्यांना या व्यवहारात काही मोबदला ठेवलेला नव्हता. त्यांची नावेही नमुन्यांखाली नाहीत. असते ते फक्त गावाचे नाव. कापूस पिकवायचा आणि कापड विकत घ्यायचे, या चक्राला लोकहितवादींनी १८४० च्या दशकातच आक्षेप घेतला होता. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताची खादी नेसून गेले. वॉट्सन यांच्या खंडांना मिळालेले ते प्रत्यक्ष उत्तर नव्हे, पण प्रश्न तोच होता.

पुढची काही वर्षे वॉट्सन यांच्या धडाडीची होती. म्युझियमला जोडून त्यांनी छायाचित्रण विभाग चालवला. जॉन विल्यम के यांच्यासह हिंदुस्थानातील जातिजमातींच्या छायाचित्रांचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात काढले. माणसांचेही कापडाप्रमाणेच नमुने मांडण्याची ही रीत अनेकांना खटकली. सर सय्यद अहमद खान यांनी लंडनमध्ये ती चित्रे पाहिली तेव्हा ते व्यथित झाले. लंडन, पॅरिस आणि व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत भारताची दालने त्यांच्या देखरेखीखाली सजली. वस्त्रनमुन्यांची दुसरी मालिकाही १८७० च्या दशकात निघाली. साम्राज्याच्या सगळ्या वसाहतींसाठी लंडनमध्ये एक भव्य संग्रहालय असावे, असा प्रस्ताव त्यांनी मांडला, पण त्याला त्या वेळी कोणी हात दिला नाही.

उलट त्यांचे स्वतःचे संग्रहालयच मोडले. फाइफ हाउसमधून इंडिया ऑफिसच्या वरच्या मजल्यावर आणि तेथून १८७५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला अशी त्याची फरपट झाली होती. १८७९ च्या अखेरीस इंडिया म्युझियम बरखास्त करून संग्रहाची वाटणी करण्यात आली. वस्त्रे आणि कलावस्तू साउथ केन्सिंग्टन म्युझियमकडे गेल्या. हेच पुढे १८९९ पासून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून ओळखले जाऊ लागले. संग्रहच हातून गेल्यावर संचालकाचे काम ते काय उरणार? १८८० मध्ये वॉट्सन निवृत्त झाले. २९ जुलै १८९२ रोजी लंडनच्या उपनगरात, अप्पर नॉर्वूड येथे त्यांचे निधन झाले.

खंडांचे आयुष्य मात्र त्यांच्या कर्त्याच्या कल्पनेपेक्षा वेगळे निघाले. अंधारात, मिटलेल्या पानांत राहिल्यामुळे त्यांतील रंग उजेडात टांगलेल्या कापडांइतके उडाले नाहीत. लँकेशायरच्या गिरण्या विसाव्या शतकात एकेक करून बंद पडल्या. प्रेस्टनच्या वाट्याचा संच तेथील हॅरिस संग्रहालयात राहिला आणि त्याचे नमुने पुढे संगणकावर आणले गेले. ज्या गावांतील माग थंडावले, त्या गावांच्या नावासह त्या मागांवरचे काठ आणि पदर आजचा विणकर, वस्त्ररचनाकार किंवा अभ्यासक त्या पानांवर पाहू शकतो. लांबी, रुंदी, वजन आणि किंमत त्याखाली आहेच.