गव्हाला नत्राची गरज शेतात सिद्ध करणारे शेतकरी: जॉन बेनेट लॉज

गव्हाला पहिल्या पाण्याच्या वेळी तुम्ही युरिया देता. नत्राशिवाय गहू पिकत नाही, हे आज सर्वांना ठाऊक आहे. पण १८० वर्षांपूर्वी यावर मोठा वाद होता. तो शेतातच मिटवणाऱ्या माणसाची ही ओळख.

जॉन बेनेट लॉज यांचा जन्म १८१४ चा, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथला. वडील लहानपणीच वारले. ऑक्सफर्डचे शिक्षण पदवी न घेता सोडून ते विशीत घरची शेती पाहू लागले. हाडांवर आम्लाची प्रक्रिया करून खत बनवण्याचे पेटंट त्यांनी १८४२ मध्ये घेतले. हेच आपले सुपर फॉस्फेट.

वाद आणि प्रयोग

त्या काळचे नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचे मत होते, की पिकाला जमिनीतून खनिजे दिली की पुरे. नत्र हवेतून मिळते. लीबिग यांच्याकडेच शिकलेले जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांना लॉज यांनी सोबत घेतले आणि १८४३ च्या शरद ऋतूत ब्रॉडबॉक शेतात गहू पेरला. एका पट्ट्याला काहीच खत नाही, एकाला शेणखत, एकाला फक्त खनिजे, तर काहींना खनिजांसोबत नत्र.

बिनखताच्या पट्ट्यात सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे १ टन राहिले. फक्त खनिजांनी त्यात थोडीच भर पडली. नत्राची जोड मिळताच ते दुपटीपेक्षा जास्त झाले. विचार करा, लॉज यांचा स्वतःचा कारखाना स्फुरद खताचा. तरीही शेताने दिलेला निकाल त्यांनी जसाच्या तसा मांडला.

पानात काय घडते?

नत्र हरितद्रव्याचा आणि अन्न तयार करणाऱ्या प्रथिनांचा घटक आहे. ते कमी पडले की पीक जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. फुटवे घटतात, ओंबीत दाणे कमी भरतात. शेवटचे, म्हणजे ओंबीजवळचे पान जितके दिवस हिरवे, तितका दाणा भरतो. मात्र नत्र जास्त झाल्यास पीक लोळते.

लॉज आणि गिल्बर्ट यांनी निचऱ्याचे पाणीही तपासले. शरदात दिलेले बरेच नत्र हिवाळी पावसात वाहून जात होते.

खत व्यवसाय विकल्यानंतर १८८९ मध्ये लॉज यांनी प्रयोगांसाठी १ लाख पौंडांचा निधी ठेवला. १९०० मध्ये त्यांचे निधन झाले. ब्रॉडबॉकवर आजही गहू पेरला जातो.

तुमच्या शेतासाठी

- बागायती वेळेवर पेरणीस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश ही शिफारस आहे. माती परीक्षणानुसार बदल करा.
- अर्धे नत्र पेरताना, उरलेले सुमारे २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना पहिल्या पाण्याच्या वेळी द्या.
- एक लहान पट्टा नत्राविना ठेवून पाहा. फरक तुमचेच शेत सांगेल.