मागेल त्याला काम : वि. स. पागे यांचा वारसा

सातारा आणि सांगली हे कृष्णाकाठचे सधन जिल्हे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती अर्धसत्य होय. कऱ्हाड-वाळव्याचे उसाचे मळे मागे टाकून पूर्वेकडे निघाले, की माण, खटाव, आटपाडी, जत हे अवर्षणग्रस्त तालुके लागतात. विठ्ठल सखाराम पागे (१९१०–१९९०) हे याच परिसरातील, तासगाव तालुक्यातील विसापूरचे. स्वातंत्र्यचळवळीतून सार्वजनिक जीवनात आलेला हा व्यासंगी गृहस्थ १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे राज्याच्या विधानपरिषदेचा सभापती होता. परंतु महाराष्ट्राने त्यांचे स्मरण ठेवले ते रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून.

दुष्काळात खडी फोडण्याची कामे काढण्याची प्रथा इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली होती. मात्र ती कामे सरकारने दुष्काळ जाहीर केल्यावर निघत आणि पाऊस पडताच बंद होत. भूमिहीन मजुराला सुगी संपल्यापासून मृगापर्यंतचा काळ दरवर्षीच दुष्काळाचा असतो, याची दखल त्या व्यवस्थेत नव्हती. उरे ती खैरात किंवा सावकाराचा उंबरठा. खैरातीने एक दिवस निभावतो. पण माणसाचा मान जातो आणि गावाच्या हाती काही उरत नाही. पागे यांनी नेमके येथे बोट ठेवले. १९६५ च्या सुमारास त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे आपली कल्पना मांडली आणि तिचा पहिला प्रयोग विसापूरच्या परिसरात झाला.

पुढे १९७२-७३ च्या भीषण दुष्काळात लाखो स्त्री-पुरुष सरकारी कामांवर आले आणि ग्रामीण बेकारीचे खरे रूप राज्यकर्त्यांना दिसले. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ ग्रामस्थाला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता, अशी त्यातील तरतूद होती. भत्ता हा हेतू नव्हे, तो शासनावरचा दंड होता. मजुराने आपली उपासमार सिद्ध करावी ही जुनी रीत उलटली. काम का दिले नाही, याचा जाब आता शासनाने द्यावयाचा होता. नालाबांध, पाझरतलाव, रस्ते ही गावाची मिळकत ठरावी, हा त्यामागील दुसरा विचार.

या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर बसला. शिक्षक-कारकुनांच्या पगारातून होणारी ती कपात म्हणजे शहराने खेड्यातील श्रमिकाशी केलेला करारच होता.

खोटी हजेरीपत्रके, रखडलेली मजुरी, अर्धवट राहिलेले बांध हे दोष योजनेला चिकटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते अंमलबजावणीचे दोष होत. २००५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव देशापुढे होता. फुकट वाटपाच्या घोषणा करणे सोपे असते. मागेल त्याला वेळेवर काम आणि केलेल्या कामाचे वेळेवर दाम देणे कठीण असते. पागे यांनी शासनाला या कठीण कर्तव्याशी कायद्याने बांधले. ती गाठ सैल होऊ न देणे, ही कर भरणाऱ्या सुशिक्षितांचीही जबाबदारी आहे.